डबीवरचे चौदा आकडे

भिगवणमधल्या कुठल्याही मेडिकलमध्ये उभे राहिलात तर काउंटरमागे दोन प्रकारचा माल दिसतो. एका बाजूला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे, दुसऱ्या बाजूला प्रोटीनचे डबे, मल्टिव्हिटॅमिनच्या बाटल्या, कॅल्शियमच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या पिवळ्याधमक कॅप्सूल. दिसायला दोन्ही सारखेच. कायद्याच्या हिशेबी मात्र ही दुसरी बाजू बहुतेक अन्नात मोडते. फरसाणाच्या पाकिटाला जो कायदा लागू, तोच या डब्यांना: अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६. परवाना औषध नियंत्रकांकडून येत नाही, ‘एफएसएसएआय’कडून, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडून येतो. डबीवर बारीक अक्षरात छापलेला चौदा आकडी क्रमांक हा त्या परवान्याचा. गिऱ्हाईक तो पाहतो आणि ‘सरकारमान्य आहे’ असे समजून पैसे देतो. सरकारने नेमके काय मान्य केले आहे, हे फारसे कोणी विचारत नाही.

आधी तो क्रमांक वाचू. पहिला आकडा १ असेल तर तो परवाना, २ असेल तर नुसती नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. परवाना केंद्राने दिलेला असेल तर त्या जागी ००. त्यानंतरचे दोन आकडे सालाचे, उरलेले कार्यालयाचे आणि अनुक्रमाचे. म्हणजे बचत गटाच्या लोणच्याच्या बरणीवर २१५ने सुरू होणारा क्रमांक असतो, राज्याचा परवाना असलेल्या कारखान्याच्या मालावर ११५ने, आणि केंद्रीय परवाना असलेल्याच्या मालावर १००ने. अशा पूरक आहाराचा, म्हणजे सप्लिमेंटचा, उत्पादक लहान असो की मोठा, त्याला केंद्रीय परवानाच लागतो. प्रोटीनच्या डब्यावर उत्पादकाचा म्हणून २ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर तो डबा खाली ठेवावा. ११५ने सुरू होणारा एकच क्रमांक असेल तर तो बहुधा विकणाऱ्या कंपनीचा असतो. बनवणाऱ्याचा वेगळा क्रमांक शोधावा.

आजची ही व्यवस्था सरळ रेषेत घडलेली नाही. तिचा एक मोठा वळसा आपल्याच मुंबई उच्च न्यायालयातून गेला.

२००६ पूर्वी या मालाला स्वतःची अशी जागा नव्हती. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४चा. त्याला तुपातला डालडा आणि मिरचीतला विटांचा भुगा माहीत होता, जीवनसत्त्वांची गोळी नव्हती. २००६च्या कायद्याच्या कलम २२ने पहिल्यांदा न्यूट्रास्युटिकल, हेल्थ सप्लिमेंट, विशेष आहार हे प्रकार नावानिशी घेतले. पण कलम म्हणजे नुसती चौकट. आत किती आणि काय चालेल हे नियमांनी सांगायचे, आणि नियम काही तयार नव्हते. प्राधिकरणाने मग मधली वाट काढली: प्रत्येक उत्पादनाला आधी मंजुरी घ्या, मग विका. मे २०१३मध्ये तशी ‘ॲडव्हायझरी’, म्हणजे सूचनापत्र निघाले. नवी चव काढायची, नवे मिश्रण करायचे, तर फाइल दिल्लीला पाठवायची आणि उत्तराची वाट बघायची.

कारखानदार न्यायालयात गेले. व्हायटल न्यूट्रास्युटिकल्स या कंपनीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० जून २०१४ रोजी ते सूचनापत्र रद्द ठरवले. मुद्दा चांगल्या-वाईट प्रोटीनचा नव्हता, कार्यपद्धतीचा होता. कायद्याप्रमाणे नियम करायचा तर मसुदा प्रसिद्ध करायचा, लोकांच्या हरकती घ्यायच्या, केंद्र सरकारची मान्यता घ्यायची आणि तो संसदेपुढे ठेवायचा. यातले काहीच न करता काढलेले सूचनापत्र नियमाची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९ ऑगस्ट २०१५ रोजी तिथेही हरले. आठवड्याभरात, २६ ऑगस्टला, उत्पादन-मंजुरीची पद्धत बंद झाली. त्याच महिन्यात मॅगीवरची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने उठवली होती, म्हणून लोकांच्या लक्षात नूडल्स राहिल्या. पूरक आहाराच्या धंद्यासाठी महत्त्वाचा निकाल हा दुसरा होता.

मंजुरी गेली, मग तिच्या जागी काय आले? याद्या. २३ डिसेंबर २०१६ रोजी पूरक आहार आणि न्यूट्रास्युटिकल यांचे नियम अधिसूचित झाले आणि १ जानेवारी २०१८पासून लागू झाले. आजच्या व्यवस्थेची किल्ली या नियमांच्या परिशिष्टांत आहे. एका परिशिष्टात जीवनसत्त्वे आणि खनिजे, ती कोणत्या रासायनिक रूपात चालतील यासह. दुसऱ्यात अमिनो आम्ले. आणखी एकात वनस्पती, आणखी एकात प्रोबायोटिक जिवाणूंच्या जाती. यादीतलेच घटक, यादीतल्याच मर्यादेत वापरले तर प्रत्येक उत्पादनासाठी वेगळ्या परवानगीची गरज नाही. यादीबाहेरचे काही घालायचे असेल तर २०१७च्या स्वतंत्र नियमांखाली सुरक्षिततेचे पुरावे जोडून रीतसर अर्ज करावा लागतो.

या याद्या वाटतात तितक्या ढोबळ नाहीत. वनस्पतीचे नुसते नाव पुरत नाही. तिचा कोणता भाग आणि दिवसाला किती, हेही लिहिलेले असते. अश्वगंधा घ्या. यादीत तिचे मूळ आहे, पान नाही. काही कंपन्यांनी स्वस्त म्हणून पानांचा अर्क वापरायला सुरुवात केली, तेव्हा आयुष मंत्रालयाला २०२१मध्ये पाने वापरू नका असे उत्पादकांना सांगावे लागले. जीवनसत्त्वांच्या बाबतीत २०१६च्या नियमांनी मोजपट्टी ठरवली ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या रोजच्या शिफारशीची. २०२०च्या तक्त्यात प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे, पुरुषाला १९. डबीवर पोषकांसमोर टक्केवारीचा जो रकाना असतो तो याच शिफारशीशी केलेली तुलना. २०२२मध्ये हे नियम पुन्हा नव्याने मांडून लागू करण्यात आले, पण यादी आणि मर्यादा हा गाभा तोच राहिला.

आता हे सगळे एका गावात उतरवून पाहू.

समजा, उजनी धरणाच्या काठावरच्या कुंभारगावातल्या एखाद्या बचत गटाने शेवग्याचा पाला सावलीत वाळवून त्याची पूड करायची ठरवली. पाला तोच, हात तेच. पण ती पूड कशी विकायची यावर सरकारचे दार बदलते.

पाकिटावर लिहिले ‘शेवगा पानांची पूड, भाकरीच्या पिठात किंवा आमटीत वापरा’, तर ते साधे अन्न. २०११च्या परवाना नियमावलीत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान व्यावसायिकासाठी नुसती नोंदणी ठेवली होती, फी वर्षाला १०० रुपये. लागतो तो फोटो, ओळखपत्र, जागेचा पत्ता आणि स्वच्छता पाळण्याची हमी. अर्ज ऑनलाइन भरायचा; तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्याकडे जातो, आणि सात दिवसांत नोंदणी, नकार किंवा तपासणीची सूचना यांपैकी एक मिळायला हवे. या मर्यादा आणि फी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी प्राधिकरणाच्या पोर्टलवर बघून घ्याव्यात. १०० रुपयांच्या नोंदणीसाठी दोन-दोन हजार मागणारे एजंट तालुक्याच्या प्रत्येक गावी भेटतात. अर्ज महा ई-सेवा केंद्रात बसून भरता येतो, त्यासाठी एजंट कशाला?

तीच पूड ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये भरली आणि वर लिहिले ‘रोज दोन’, की ती पूरक आहार झाली. आता अर्ज राज्याकडे नाही, प्राधिकरणाच्या मुंबईतल्या पश्चिम विभागीय कार्यालयाकडे. २०११च्या नियमावलीत केंद्रीय परवान्याची फी वर्षाला ७,५०० रुपये. ती जमेलही, पण कागदांची यादी पाहून गट बिचकतो: कारखान्याचा आराखडा, यंत्रांची यादी क्षमतेसह, पाण्याचा प्रयोगशाळेतला अहवाल, जागेचा हक्क दाखवणारा कागद, अन्न सुरक्षा व्यवस्थापनाचा लेखी आराखडा, तांत्रिक जबाबदारी घेणारी शिकलेली व्यक्ती. शिवाय प्रत्येक उत्पादनात कोणता घटक किती आणि तो कोणत्या परिशिष्टात बसतो याचा तपशील. अधिकारी शंका काढतो, उत्तर द्यावे लागते, तपासणी होते. कायद्याच्या कलम ३१मध्ये अर्जदारासाठी एक आधार आहे: दोन महिन्यांत परवानाही नाही आणि नकारही नाही, तर धंदा सुरू करता येतो. प्रत्यक्षात शंकांच्या फेऱ्यांत अर्ज अडकला की या आधाराचा फार उपयोग होत नाही.

म्हणूनच लहान ब्रँडवाले बहुतेक वेळा स्वतः काही बनवतच नाहीत. ‘थर्ड पार्टी’कडून, म्हणजे ज्याच्याकडे केंद्रीय परवाना आधीच आहे अशा कारखान्याकडून कॅप्सूल भरून घेतात आणि आपले लेबल लावतात. यात बेकायदा काही नाही, लेबलवर दोघांची नावे-पत्ते आणि क्रमांक असले म्हणजे झाले. बारामतीच्या जिममध्ये वेगवेगळ्या नावांचे डबे दिसतात, त्यांतले काही एकाच कारखान्यातून निघालेले असू शकतात. पत्ता वाचला की कळते.

तिसरे दार: त्याच पुडीच्या डबीवर ‘सांधेदुखीवर गुणकारी’ असे लिहिले. आता ते अन्न नाही, औषध. आयुर्वेदिक औषधाचा परवाना १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली घ्यावा लागतो, कारखान्याला त्या नियमांच्या ‘शेड्युल टी’मधले निकष पाळावे लागतात. आणि औषधाचा परवाना असला तरी ‘मधुमेह बरा करतो’ अशी जाहिरात करता येतच नाही; १९५४चा औषधे व जादुई उपाय कायदा तिला मनाई करतो. चौथे दार २०२२मध्ये उघडले, आयुर्वेद आहाराचे. ठरावीक आयुर्वेदिक ग्रंथांतल्या कृतींनुसार केलेले अन्न त्यात बसते. त्यात वरून जीवनसत्त्वे किंवा खनिजे मिसळता येत नाहीत आणि ते दोन वर्षांखालच्या बाळांसाठी नाही.

माझ्या मते गटाने पहिल्या दारापाशीच थांबावे. कॅप्सूलमध्ये गेल्याने पाला जास्त पौष्टिक होत नाही. फक्त खर्च आणि कागद वाढतात. पाकिटावर ‘रक्त वाढवते’ असे छापायचा मोह मात्र आवरावा लागेल, कारण त्या दोन शब्दांनी साधे पाकीटसुद्धा अडचणीत येते. कलम ५३खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

आता आधुनिकीकरणाकडे. कागदी अर्जांची जागा आधी एफएलआरएस नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेने घेतली. तिच्यात अर्जदार उत्पादनाचे नाव स्वतःच टाइप करायचा. परिणाम असा की एकच गोष्ट शंभर नावांनी नोंदली गेली, आणि राज्यात अमुक प्रकारचे किती कारखाने आहेत हे संगणकाला विचारून सांगता येईना. २०२०मध्ये तिच्या जागी ‘फॉस्कॉस’ आले. १ जूनला काही राज्यांत सुरू झाले, त्यांत गोवा होता. १ नोव्हेंबरपासून महाराष्ट्रासह बाकीची राज्ये. फॉस्कॉसमध्ये नाव टाइप करायचे नाही, ठरवलेल्या यादीतून निवडायचे. बदल वरून क्षुल्लक वाटतो, पण तपासणीचा सगळा डोलारा त्यावर उभा राहतो. कोणता कारखाना धोक्याच्या प्रकारात मोडतो हे यंत्रणेला अर्जातूनच समजते. निरीक्षकाकडे मोबाइल ॲप आले. त्यात तपासणीची जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाते, कार्यालयात बसून तपासणीचा अहवाल लिहिणे अवघड होते.

जून २०२४मध्ये ‘तत्काळ’ परवान्याची सोय आली. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वाहतूकदार, आयातदार अशा कमी धोक्याच्या धंद्यांना कागद भरताच परवाना. पूरक आहाराचे उत्पादक तिच्यातून वगळले गेले, दूध, मांस, मासे आणि मिठाई यांच्याबरोबर. भिगवणच्या मासळी बाजारात चिलापी आणि मरळ घेणाऱ्या माणसाला मासे या यादीत का आहेत हे समजावून सांगायला नको. प्रोटीनचा डबा त्याच रांगेत बसतो, याची कल्पना मात्र त्याला क्वचितच असते.

परवाना मिळाल्यावर काय, हा भाग लोकांच्या नजरेआड राहतो. उत्पादकाने दर सहा महिन्यांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत मालाची तपासणी करून अहवाल पोर्टलवर चढवायचा. दरवर्षी ३१ मेपर्यंत वार्षिक विवरण भरायचे. मोठ्या धोक्याच्या प्रकारांत त्रयस्थ संस्थेचे वार्षिक लेखापरीक्षणही असते. आणि अन्न सुरक्षा अधिकारी केव्हाही दुकानातून नमुना उचलू शकतो.

इथे या व्यवस्थेची खरी मेख आहे. सहामाही तपासणीचा नमुना उत्पादकच निवडतो आणि प्रयोगशाळेचे पैसेही तोच भरतो. तटस्थ तपासणी फक्त अधिकाऱ्याने दुकानातून उचललेल्या नमुन्याची. २०१५ आधीची फाइल-मंजुरी संथ होती, बेकायदा ठरली, गेली ते बरेच झाले. पण ती गेल्यावर सगळा भार बाजारातल्या नमुन्यांवर आला, आणि नमुने घेणारी माणसे त्या प्रमाणात वाढली नाहीत तर वेगवान पोर्टलचा फायदा प्रामाणिक उत्पादकाइतकाच लबाडालाही होतो.

ही शंका हवेतली नाही. एप्रिल २०२४मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात केरळमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला. त्यांनी भारतात विकले जाणारे ३६ प्रोटीन पूरक आहार तपासले. जवळजवळ ७० टक्के डब्यांवर प्रोटीनची माहिती चुकीची होती; काहींत लिहिल्याच्या निम्मेच प्रोटीन निघाले. सुमारे १४ टक्क्यांत बुरशीची विषे आढळली, ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. हे डबे राजरोस बाजारात विकले जात होते. त्याच वर्षी केंद्रीय आरोग्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली: पूरक आहारातला काही भाग अन्नाच्या कक्षेतून काढून औषध नियंत्रकांकडे द्यावा का, हे पाहण्यासाठी.

परदेशात दोन्ही टोके सापडतात. अमेरिकेने १९९४च्या कायद्याने पूरक आहाराला विक्रीपूर्व मंजुरीतून मोकळे ठेवले. फक्त नवा घटक असेल तर ७५ दिवस आधी कळवायचे. कॅनडाने २००४पासून उलटा रस्ता धरला. तिथे प्रत्येक उत्पादनाला स्वतंत्र आठ आकडी क्रमांक मिळतो, आणि तो मिळण्याआधी सरकार घटक, मात्रा आणि दावा तिन्ही तपासते. आपला चौदा आकडी क्रमांक धंद्याचा आणि जागेचा असतो, कॅनडाचा आठ आकडी क्रमांक वस्तूचा. टोरांटोत मुलाकडे जाऊन आलेल्या आईवडिलांनी तिकडची आणि इकडची बाटली शेजारी ठेवून पाहावी. दोन्हींवर सरकारी क्रमांक आहे, पण दोन्हींचा अर्थ एक नाही.

मला कॅनडाची नक्कल नको आहे. तसली यंत्रणा आपल्याकडे उभी राहिली तर पुन्हा २०१३ची फाइल सुरू होईल. त्यापेक्षा सहामाही अहवाल पोर्टलवर गिऱ्हाइकालाही दिसू द्यावेत. कारखाना नमुन्याचा अहवाल चढवतोच आहे, तो लोकांपुढे ठेवायला नवा कायदाही बहुधा लागणार नाही. आणि हा माल आपल्यापासून लांबचा नाही: बारामतीच्या श्रायबर डायनामिक्ससारख्या डेअरीत चीज मोठ्या प्रमाणावर बनते. चीज बनताना जे पाणी सुटते त्याला धंद्यात ‘व्हे’ म्हणतात, आणि जिममधल्या बहुतेक डब्यांचा कच्चा माल तोच. ज्या पट्ट्यात दुधाचे पैसे फॅट आणि एसएनएफच्या (फॅट सोडून उरलेल्या घन घटकांच्या) आकड्यावर मिळतात, आणि शेतकरी त्या आकड्यावरून डेअरीशी रोज हुज्जत घालतो, तिथे प्रोटीनचा आकडा मागणे कोणाला जड जाऊ नये.

उजनीच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, त्यांचा गुलाबी रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे येतो. आफ्रिकेतल्या खाऱ्या तळ्यांवर राहणारा त्यांचा धाकटा भाऊबंद मुख्यतः स्पिरुलिना खातो. तीच हिरवी स्पिरुलिना आज गोळ्यांच्या रूपात मेडिकलमध्ये मिळते. पक्ष्याला लेबल वाचावे लागत नाही; आपल्याला लागते.

लेबलवर या गोष्टी पाहाव्यात. ‘हेल्थ सप्लिमेंट’ किंवा ‘न्यूट्रास्युटिकल’ हे शब्द ठळक हवेत. ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना हवी. दिवसाला किती घ्यायचे आणि त्याहून जास्त घेऊ नये, हे लिहिलेले हवे. मुलांच्या हाती लागू देऊ नका, हेही. बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि त्याचा स्वतःचा क्रमांक. यातले एखादे जरी नसेल तर दुकानदाराला विचारा, आणि बिल घ्या: १ जानेवारी २०२२पासून अन्न विकणाऱ्याच्या बिलावरही परवाना क्रमांक छापणे बंधनकारक आहे. क्रमांक खरा आहे का हे फॉस्कॉसच्या संकेतस्थळावर किंवा प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर टाकून पाहता येते. कंपनीचे नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की संपला, हे समोर येते. तक्रारही त्याच ॲपवर करता येते. फोन करायचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आहे, केंद्रीय प्राधिकरणाचा १८००-११२-१००.